पूर्वीची नोकरी सुटल्याचे कारण आणि दिव्यांग उमेदवार : कायदा, मुलाखत व महाविद्यालयाची भूमिका

सारांश : नोकरीच्या मुलाखतीत "आधीचे काम का सोडले?" हा प्रश्न सर्वांनाच विचारला जातो. ज्याचे काम आजारामुळे किंवा दिव्यांगत्वामुळे सुटले, त्याला मात्र या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा दिव्यांग हक्क अधिनियम २०१६, न्यायालयांचे काही निर्णय आणि गडचिरोली-चंद्रपूर परिसरातील सिकलसेल आजार यांच्या संदर्भात विचार केला आहे. असे उत्तर कसे असावे आणि त्यासाठी प्राध्यापकांना काय करता येईल, याचे विवेचन करण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजशब्द : दिव्यांगत्व, सेवासमाप्ती, सिकलसेल, वाजवी सोय, मुलाखत, शिफारसपत्र.

१. प्रस्तावना

आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा, ब्रम्हपुरी या परिसरातील पदवीधरांना मिळणारी पहिली नोकरी बहुधा लहान स्वरूपाची असते. राईस मिलमध्ये हिशेब लिहिणे, एखाद्या कार्यालयात कंत्राटी संगणकचालक होणे, खाजगी शाळेत किंवा तासिका तत्त्वावर शिकविणे, दुकानात अथवा पतसंस्थेत काम करणे, असे तिचे स्वरूप असते. नियुक्तिपत्र मिळतेच असे नाही आणि काम सुटले तर त्याचा लेखी आदेशही निघत नाही. "उद्यापासून येऊ नको" एवढ्या तोंडी वाक्यावर नोकरी संपते. पुढे तोच उमेदवार दुसरीकडे अर्ज करतो तेव्हा मधल्या रिकाम्या महिन्यांचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो.

उमेदवार दिव्यांग असेल तर हा हिशेब आणखी कठीण होतो. खरे सांगितले तर "हा पुन्हा आजारी पडेल" अशी शंका घेतली जाते. लपविले तर ते उघड होण्याची धास्ती राहते. अशा वेळी आपल्याकडे सल्ला विचारावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला आपण बहुधा "आजाराचा विषयच काढू नकोस" असे सांगतो, किंवा "जे असेल ते सगळे सांगून टाक" असे म्हणतो. हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत. काम सुटण्याचे कारण खरेपणाने सांगताना ते कारण केवळ शरीरात आहे असे न मांडता, शरीराची मर्यादा आणि कामाच्या ठिकाणी नसलेली सोय या दोहोंच्या संबंधात मांडले पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. आपल्या परिसरातील संदर्भ : सिकलसेल

दिव्यांगत्व म्हटले की डोळ्यांसमोर कुबडी, पांढरी काठी किंवा श्रवणयंत्र येते. आपल्या परिसरात मात्र बाहेरून न दिसणारे एक दिव्यांगत्व मोठ्या प्रमाणावर आढळते. ते म्हणजे सिकलसेल आजार. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूर येथील शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली होती. त्याआधी १९५२ मध्ये निलगिरी भागातील आदिवासींमध्ये तो भारतात प्रथम आढळला होता. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळाले तर ती व्यक्ती 'वाहक' असते. तिला सामान्यतः आजाराचा त्रास नसतो. दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तर व्यक्ती 'रुग्ण' ठरते. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य वेदनांचा झटका येतो. थंडी, ताप, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिश्रम ही झटक्याची नेहमीची निमित्ते आहेत. झटका ओसरल्यावर तीच व्यक्ती बसून करावयाचे काम इतरांप्रमाणेच करू शकते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास अनेक रुग्णांमध्ये झटक्यांचे प्रमाण घटते.

नोकरीच्या दृष्टीने या आजाराची अडचण काम करण्याच्या क्षमतेपेक्षा अनियमित गैरहजेरीत अधिक आहे. हजेरीपटावर ती 'न सांगता गैरहजर' अशीच उमटते. 'कामचुकार' हा शिक्का येथूनच बसतो आणि पुढच्या मुलाखतीपर्यंत पुसला जात नाही.

३. कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण व पूर्ण सहभाग) अधिनियम १९९५ च्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. त्याच्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार असून हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल हे रक्तविकार त्यात प्रथमच समाविष्ट झाले. आपल्या विषयाशी संबंधित तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) कलम ३ नुसार केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. तशी कृती एखादे रास्त उद्दिष्ट साधण्याचे प्रमाणशीर साधन आहे असे दाखविता आले तरच तिला अपवाद आहे.

(आ) कलम २० नुसार शासकीय आस्थापनेने नोकरीच्या कोणत्याही बाबतीत भेदभाव करू नये आणि दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोय पुरवावी. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. तो आपले काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे आणि तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे.

(इ) कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने, म्हणजे खाजगी आस्थापनेनेही, समान संधी धोरण जाहीर करावयाचे आहे.

(ई) कलम ३४ नुसार शासकीय आस्थापनांमध्ये लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ४ टक्के पदे राखीव आहेत. मात्र या आरक्षणाच्या गटांमध्ये रक्तविकारांचा समावेश नाही. सिकलसेल रुग्णाचे प्रमाणपत्र त्याला दिव्यांग ठरविते, पण राखीव पद मिळवून देत नाही. त्याला खुल्या स्पर्धेतूनच, किंवा लागू असल्यास सामाजिक आरक्षणातून, यावे लागते. म्हणूनच काम सुटल्याचे कारण सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर अधिक वेळा येतो.

भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोय मिळण्याचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीवर अवलंबून नाही, हेही येथे नमूद करावयास हवे. लेखनाच्या वेळी हाताला पेटके येणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हे स्पष्ट केले आणि वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच असल्याचे सांगितले.

कायद्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सेवेत कायम ठेवण्याचे कलम २० चे संरक्षण केवळ शासकीय आस्थापनांना लागू आहे. राईस मिल, दुकान, खाजगी शिकवणी यांना ते लागू नाही. आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांची पहिली नोकरी मात्र तेथेच असते.

४. न्यायालयांसमोर आलेली काही प्रकरणे

नोकरी सुटणे हा व्यक्तीचा दोष आहे की आस्थापनेची त्रुटी, या प्रश्नावर न्यायालयांनी वेळोवेळी दिलेले निर्णय आपल्या विषयावर प्रकाश टाकतात.

नीरा माथुर प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आयुर्विमा महामंडळाच्या एका परिविक्षाधीन महिला कर्मचाऱ्याचा प्रश्न होता. नियुक्तीच्या वेळी भरून घेतलेल्या प्रतिज्ञापत्रात मासिक पाळी व गर्भधारणा यांविषयीचे रकाने होते. त्यांत चुकीची माहिती दिल्याच्या कारणावरून तिला कमी करण्यात आले. असे रकाने स्त्रीच्या सन्मानास बाधा आणणारे आहेत, असे सांगून न्यायालयाने तिला सेवेत परत घेण्यास आणि ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. नोकरी देणाऱ्याच्या विचारण्याच्या अधिकारालाही सीमा आहे, हे या निर्णयाने दाखवून दिले.

मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा निर्णय 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' या नावाने ओळखला जातो, कारण अर्जदाराचे नाव गुप्त ठेवण्याची परवानगी न्यायालयाने दिली होती. वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही आढळल्यामुळे एका हंगामी कामगाराला काम नाकारण्यात आले होते. तो काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ त्या कारणावरून काम नाकारणे घटनाबाह्य आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. निदानाचे नाव काय यापेक्षा काम करता येते की नाही हा निकष या निर्णयाने पुढे आणला.

कुणाल सिंह प्रकरणात १३ फेब्रुवारी २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कर्तव्यावर असताना झालेल्या दुखापतीमुळे पाय गमवावा लागलेल्या शिपायास सेवेतून अपात्र ठरविणे १९९५ च्या अधिनियमाच्या कलम ४७ विरुद्ध ठरविले. त्याला निवृत्तिवेतन मिळते म्हणून त्याचा हक्क संपत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. रवींद्र कुमार धारीवाल प्रकरणात १७ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालय आणखी पुढे गेले. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकाऱ्यावर गैरवर्तनाबद्दल कारवाई सुरू झाली होती. दिव्यांगत्व हे त्या वर्तनामागील एकमेव कारण असल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही, अनेक कारणांपैकी ते एक असणे पुरेसे आहे, असे न्यायालयाने सांगितले. 'गैरहजर' किंवा 'बेशिस्त' या शेऱ्यामागे काय दडलेले असू शकते, हे समजण्यास हा निर्णय महत्त्वाचा आहे.

१ ऑगस्ट २०२५ रोजीचा सीएच. जोसेफ प्रकरणातील निर्णय आपल्या शेजारच्या तेलंगणातील आहे. रंगांधत्व आढळल्याने राज्य परिवहन महामंडळाच्या एका बसचालकास सेवेतून निवृत्त करण्यात आले होते. पर्यायी काम शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करता त्याला घरी पाठविणे सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले आणि योग्य पद देण्याचा आदेश दिला. पर्याय शोधण्याची जबाबदारी आस्थापनेची आहे, हे त्यातून पुन्हा अधोरेखित झाले.

५. उत्तर कसे असावे?

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. सिकलसेलचा रुग्ण असलेला एक वाणिज्य पदवीधर धानाच्या हंगामात राईस मिलमध्ये हिशेब लिहीत होता. डिसेंबरच्या थंडीत, उघड्या आवारात काट्याजवळ उभे राहून वजनाच्या नोंदी घेण्याचे काम त्याच्याकडे आले. महिनाभरात दोनदा झटका आला, बारा दिवस गैरहजेरी झाली आणि काम सुटले. आता तो एका पतसंस्थेत लिपिकपदासाठी मुलाखतीस बसला आहे.

"घरगुती कारणामुळे सोडले" हे त्याचे उत्तर असत्य आहे आणि जुन्या मालकाला एक दूरध्वनी केला की ते उघडे पडते. "मला सिकलसेल आहे, मी नेहमी आजारी पडतो" हे उत्तर प्रामाणिक वाटते, पण तेही पूर्ण सत्य नाही. त्यात आजाराखेरीज काहीच उरत नाही. "मालकाने अन्याय केला" हे कदाचित खरे असेल, परंतु ऐकणाऱ्याला त्यातून पुढील कामाविषयी काहीच कळत नाही.

उपयुक्त उत्तरात चार गोष्टी असाव्यात : काय केले, काय घडले, तेव्हापासून काय बदलले आणि हे काम कसे करता येईल. ते असे देता येईल :

"सर, मी तेथे संपूर्ण हंगामाचा हिशेब लिहिला आणि त्यात तक्रार आली नाही. मला सिकलसेल आहे. थंडीत बाहेर उभे राहण्याचे काम आल्यावर माझी प्रकृती बिघडली, बारा दिवस गैरहजर राहावे लागले आणि काम सुटले. आता माझे औषध नियमित सुरू आहे. तुमच्याकडील काम बसून करावयाचे आहे, ते मी करू शकतो. महिन्यातून एक दिवस तपासणीसाठी सुटी आणि जवळ पिण्याचे पाणी एवढी सोय मला लागेल. प्रकृती बिघडलीच तर त्याच दिवशी कळवीन."

हे उत्तर एका मिनिटात संपते. गैरहजेरी त्यात लपविलेली नाही, तसेच ती कोणत्या परिस्थितीत झाली हेही सांगितले आहे. ऐकणाऱ्याला निर्णयासाठी लागणारी माहिती, म्हणजे काम येते का आणि हजेरीचे काय, ही दोन्ही उत्तरे त्यात मिळतात. अर्थात "औषध नियमित आहे" हे विधान खरे असेल तरच करावे. पाळता येणार नाही असे आश्वासन देऊन मिळविलेली नोकरी पुन्हा त्याच कारणाने जाते.

आजाराचे नाव सांगावे की नाही, हा निर्णय उमेदवाराचा आहे. राखीव पदासाठी प्रमाणपत्र जोडावेच लागते, तेथे हा प्रश्न उरत नाही. खाजगी नोकरीत "माझी एक दीर्घकालीन वैद्यकीय अडचण आहे" एवढे म्हणूनही वरील उत्तर देता येते. मात्र सोय हवी असेल तर कारण कधीतरी सांगावेच लागते, कारण माहीत नसलेल्या गरजेची सोय कोणी करू शकत नाही. लेखी नमुन्यात पूर्वीची सेवा सोडल्याचे कारण विचारले असेल तर तेथे असत्य लिहू नये. "प्रकृतीच्या कारणाने अनुपस्थिती, त्यामुळे सेवासमाप्ती" एवढी नोंद पुरेशी आणि सत्य असते. वाहक व्यक्तीला तर आजाराचा उल्लेख करण्याचे कारणच नाही.

काम सुटतानाच काही काळजी घेतली तर पुढचे उत्तर सोपे होते. रुग्णालयाचे कागद तारखांसह जपून ठेवावेत. दुसरे काम देण्याची विनंती तोंडी न करता लेखी करावी. कामाचा कालावधी व स्वरूप नमूद केलेले अनुभव प्रमाणपत्र मागावे. दबावाखाली राजीनामा देऊ नये, कारण कागदावर तो स्वेच्छेचा दिसतो आणि शासकीय आस्थापनेत कलम २० चा आधार घेणे त्यामुळे कठीण होते.

६. प्राध्यापकांची दुहेरी भूमिका

अधिनियमातील 'शासकीय आस्थापना' या संज्ञेत शासनाचे साहाय्य मिळणाऱ्या संस्थाही येतात. म्हणजे अनुदानित महाविद्यालय कलम २० च्या कक्षेत आहे. तेथील निवड समितीत आपण बसतो आणि "मध्ये दोन वर्षे काय करीत होता?" हा प्रश्न आपणच विचारतो.

अमेरिकेच्या १९९० च्या दिव्यांगविषयक कायद्यानुसार नोकरी देऊ करण्यापूर्वी दिव्यांगत्वाविषयी विचारण्यास मनाई आहे. ब्रिटनच्या समानता अधिनियम २०१० च्या कलम ६० मध्येही, काही अपवाद वगळता, तशीच तरतूद आहे. आपल्या अधिनियमात असे स्वतंत्र कलम नाही. त्यामुळे ही मर्यादा समितीने स्वतःच पाळावयाची आहे. "तुम्हाला काय आजार आहे?" याऐवजी "या पदाची ही कामे आहेत, ती करण्यासाठी तुम्हाला कोणती सोय लागेल?" असा प्रश्न विचारता येतो. तो सर्व उमेदवारांना सारख्याच शब्दांत विचारला तर कोणालाही वेगळे काढल्यासारखे होत नाही.

दुसरी भूमिका मार्गदर्शकाची आहे. आपण मायेने लिहिलेले शिफारसपत्र कित्येकदा विद्यार्थ्याचे नुकसान करते. "आजारी असूनही जिद्दीने शिक्षण पूर्ण केले" हे वाक्य आपल्याला गौरवाचे वाटते, पण नोकरी देणाऱ्याच्या नजरेत पहिला शब्द 'आजारी' हाच भरतो. त्याऐवजी "तीन वर्षे विभागाच्या ग्रंथालयाची नोंदवही सांभाळली, नोंदींत चूक आढळली नाही" असे लिहावे. आजाराचा उल्लेख विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय पत्रात किंवा दूरध्वनीवरील बोलण्यातही करू नये.

महाविद्यालयाच्या रोजगार मार्गदर्शन कक्षाने वर्षातून एकदा अशा मुलाखतींचा सराव घ्यावा. विद्यार्थ्याला उत्तर पाठ करून देऊ नये. त्याच्याकडून वरील चार गोष्टी त्याच्याच शब्दांत काढून घ्याव्यात. महाविद्यालयाचे स्वतःचे समान संधी धोरण तयार आहे काय आणि ते सूचनाफलकावर लागले आहे काय, हेही या निमित्ताने पाहावे. तासिका तत्त्वावर काम करणारा आपला सहकारी प्रकृतीमुळे काही आठवडे येऊ शकला नाही तर पुढील वर्षी त्याचा विचार कसा होतो, हा प्रश्नही याच धोरणात येतो.

७. निष्कर्ष

१) दिव्यांग व्यक्तीची नोकरी सुटण्यामागे शरीराची मर्यादा व सोयीचा अभाव ही दोन्ही कारणे असू शकतात. उत्तरात दोन्ही यावयास हवीत.

२) शासकीय व अनुदानित आस्थापनांत कायद्याचे संरक्षण बळकट आहे. खाजगी व हंगामी कामात ते अपुरे आहे. म्हणून तेथे उमेदवाराचे नेमके उत्तर आणि शिक्षकाचे नेमके पत्र यांचे मोल अधिक आहे.

३) सिकलसेल रुग्णांस अधिनियमाने दिव्यांग मानले असले तरी राखीव पदांच्या गटांत स्थान दिलेले नाही. गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांच्या दृष्टीने या विसंगतीचा पुनर्विचार होणे आवश्यक आहे.

४) निवड समितीने निदानाविषयी न विचारता काम व सोय यांविषयी विचारावे.

ज्या विद्यार्थ्याला आपण तीन वर्षे वर्गात पाहिले, त्याची क्षमता आपल्याला ठाऊक असते. राईस मिलच्या मालकाने त्याला एका हिवाळ्यात, बारा दिवसांच्या गैरहजेरीत पाहिले. पुढच्या मुलाखतीत या दोन माहितींपैकी कोणती पोहोचते, हे काही अंशी आपल्या हाती आहे.